लाइट विझते, दोन दिवसांनी परत लागते

(गाडीचं दुखणं : वाचकांचे प्रश्न)

यावेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं मीटरवरच्या लाइटबद्दलच आहेत. पावसाळा लागला की दरवर्षी हे होतं, इगतपुरी-घोटीकडून भिजून आलेल्या जुन्या गाड्या सोमवारी सकाळी गॅरेजच्या दारात रांगेत उभ्या असतात आणि सगळ्यांच्या मीटरवर काहीतरी पिवळं-लाल चमकत असतं. पहिल्या पत्राला जरा जास्तच जागा दिलीय, कारण ती गाडी मी स्वतः बघितली. गाड्यांची आणि कंपन्यांची नावं मुद्दाम काढलीत, हे सगळं कुठल्याही दहा-बारा वर्षं चाललेल्या व्हॅनला होऊ शकतं.

प्रश्न : दादा, आमची २०१४ची सात सीटर व्हॅन आहे, इंजिन पुढच्या सीटखाली, सीएनजी कंपनीतूनच बसवून आलेला, १ लाख ६२ हजार किलोमीटर झालेत. मी घरगुती डबे करते आणि मागची सीट दुमडून रोज सातपूर आणि अंबडला डबे पोचवते, म्हणजे गाडी बंद तर धंदा बंद. मार्चपासून मीटरवर ती पिवळी इंजिनची लाइट लागतेय. पहिल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून डिलीट केली आणि म्हणाला पेट्रोल खराब असेल, दोन दिवसांनी परत आली. दुसऱ्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला, ३ हजार ८००, चार दिवस शांत, मग परत. तिसरा म्हणाला तो सेन्सर लोकल होता, मी ओरिजिनल टाकतो, टाकला, परत तेच. आता तोच म्हणतो की सायलेन्सरमधला कन्व्हर्टर गेलाय, ३८ हजार लागतील. ह्यांचा एक मित्र म्हणतो बल्बच काढून टाकू, कटकट नको. हे म्हणतात विकून टाक. गाडी तशी छान चालते हो, फक्त सकाळी सुरू केली की पाचेक मिनिटं शिलाई मशीनसारखा टिक-टिक आवाज येतो, सगळे म्हणतात इंजिनातल्या टॅपेटचा आहे, सोडून द्या. अॅव्हरेज थोडं पडलंय. आणि सासूबाई हल्ली पुढे बसत नाहीत, डोकं दुखतं म्हणतात. काय करू? कन्व्हर्टर टाकू का? (पाथर्डी फाटा)

उत्तर : ताई, कन्व्हर्टर टाकू नका. तुमचं पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा तुम्हाला फोन केला तो लाइटसाठी नाही, सासूबाईंच्या डोकेदुखीसाठी. तेव्हा जे सांगितलं तेच सगळ्यांसाठी लिहितो : सीटखाली इंजिन असलेल्या गाडीत पुढे बसणाऱ्याचं डोकं दुखत असेल आणि सकाळी टिक-टिक येत असेल, तर धूर सायलेन्सरच्या तोंडातून बाहेर जायच्या आधीच कुठूनतरी सुटतोय असा संशय घ्यायचा. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि सिग्नलला काचा बंद करून एसी आतल्या आत फिरवत बसलं की तो साचतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग गुंगी. म्हणून तेव्हा म्हटलं, रविवारपर्यंत काचा उघड्या ठेवून चालवा, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसू नका, आणि रविवारी सकाळी गाडी रात्रभर गार झालेली असताना घेऊन या, वाटेत कुठे थांबू नका.

आता लाइटकडे. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद वाचणाऱ्या यंत्रावर, तुमच्या गाडीत दोन कोड येत होते, पी०१७१ आणि मधूनच पी०४२०. पहिला म्हणतो मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. दुसरा म्हणतो कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा डबा, हवं तेवढं काम करताना दिसत नाही. दोन्ही कोडांत 'अमुक पार्ट बदला' असं कुठेही लिहिलेलं नाही. पण आपल्याकडे काय होतं, स्कॅनरवर ओळ आली की त्या ओळीत ज्या पार्टचा वास येतो तो पार्ट दुकानातून आणला जातो. तुमच्याच धंद्यातलं सांगतो. डबा परत आला आणि सोबत चिठ्ठी आली की आज भाजी खारट होती. तुम्ही चिठ्ठी आणणारा पोऱ्या बदलला, दुसऱ्या दिवशी परत तीच चिठ्ठी, मग अजून महागातला पोऱ्या ठेवला. भाजी तशीच. तुमचा ऑक्सिजन सेन्सर हा तो चिठ्ठी आणणारा पोऱ्या होता, दोन्ही वेळा खरं सांगत होता आणि दोन्ही वेळा त्यालाच काढलं.

हा सेन्सर बसतो सायलेन्सरच्या पाइपात, कन्व्हर्टरच्या अलीकडे, आणि जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते बघतो. पेट्रोलच्या इंजिनात साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने, हे प्रमाण सांभाळायचं असतं. सेन्सर म्हणाला ऑक्सिजन जास्त उरलाय की कॉम्प्युटर इंधन थोडं वाढवतो, कमी उरलाय म्हणाला की घटवतो, दिवसभर हे चालू असतं. किती वाढवलं-घटवलं ते टक्क्यांत साठवून ठेवतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात, आणि साध्या स्कॅनरवरही तो आकडा दिसतो. उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर गाडी ठीक. अधिक २५ च्या आसपास गेला की कॉम्प्युटर हात टेकतो, म्हणतो मी वाढवून वाढवून दमलो, आता मालकाला सांगतो, आणि लाइट लावतो.

लाइट डिलीट केल्यावर दोन-चार दिवसांनीच का येते याचंही उत्तर यातच आहे, हे लोकांना कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. बहुतेक फॉल्ट एकदा दिसला म्हणून लाइट लागत नाही, सलग दोन फेऱ्यांत दिसावा लागतो, आणि डिलीट केल्यावर ट्रिमचा आकडाही शून्यावरून परत चढत जातो. म्हणजे सेन्सर बदलला, डिलीट मारलं, चार दिवस शांत, यात सेन्सरचा काही हात नव्हता, नुसतं डिलीट मारलं असतं तरी एवढीच शांतता मिळाली असती. उलट डिलीट मारल्याने एक नुकसान होतं. लाइट लागली त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएम होते, गाडी उभी होती की पळत होती, ही सगळी नोंद कॉम्प्युटर एका चौकटीत जपून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, आणि ती पुसली जाते. चोरी झाल्यावर आधी फरशी पुसून घेण्यासारखं आहे हे.

तर रविवारी ताई आल्या. सीट उचलली. आत वायरिंगवर वाळलेल्या वरणाचा पिवळा ओघळ आणि वायरी जोडणाऱ्या एका कपलरवर चक्क मोहरी, त्यामुळे दोन मिनिटं माझाही संशय तिकडेच गेला होता, पण कपलर उघडला तर आतून स्वच्छ. मग गाडी सुरू केली, पेट्रोलवर. टिक-टिक सुरू. आधी पाचेक मिनिटं धावू दिली, सेन्सर गरम होऊन कामाला लागल्याशिवाय ट्रिमला अर्थ नसतो. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, ट्रिम अधिक २१. अडीच हजारांवर रेस धरून ठेवली, खाली येत येत अधिक ६. हे दोन आकडे महत्त्वाचे. पेट्रोलचा फिल्टर चोक असता किंवा पेट्रोलचा पंप दमला असता तर रेस दिल्यावर, म्हणजे इंधनाची मागणी वाढल्यावर, आकडा वाढला असता. इथे उलटं, गाडी शांत असताना जास्त आणि पळताना कमी, म्हणजे कुठेतरी एक ठरावीक मापाचं भोक आहे, थोडी हवा चालू असताना ते भोक मोठं वाटतं, भरपूर हवा वाहायला लागली की त्याचा हिशेब किरकोळ होतो. मग सीएनजीवर टाकून तेच केलं, आकडे जवळपास तेच. म्हणजे गॅसचा किट, गॅसचं प्रेशर कमी करणारा रिड्यूसर, गॅसचा फिल्टर सगळे सुटले, कारण दोन वेगळी इंधनं एकाच वेळी सारखी बिघडत नाहीत. एवढं कळायला पंधरा मिनिटं लागली आणि एक रुपयाचा पार्ट लागला नाही.

मग इंजिन बंद करून तासभर गार होऊ दिलं, चहा झाला. परत सेल मारला आणि पोराला सांगितलं, सायलेन्सरच्या तोंडाला ओलं जाड फडकं दोन सेकंद धर. लगेच सीटखालून फुस्स. टॉर्च मारली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा पाइप, इंजिनाच्या हेडला जिथे बसतो तिथे चौथ्या सिलिंडरच्या बाजूला काजळीचा काळा पंखा उमटलेला, आणि त्या टोकाचा स्टड, म्हणजे तो आवळून धरणारा बोल्ट, तुटून नुसता तुकडा गंजात अडकून राहिलेला. मधली फट बंद करणारं गॅस्केट तिथे जळालं होतं. गार असताना फट उघडी, टिक-टिक. गरम झाल्यावर लोखंड फुगून फट बरीचशी मिटते, आवाज जातो, आणि म्हणून सगळे टॅपेट म्हणत होते, त्यांना दोष देत नाही, आवाज खरंच सारखा असतो. पण आवाज गेला म्हणून गळती पूर्ण थांबत नाही. प्रत्येक झटक्याला धूर बाहेर येतो आणि दोन झटक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, ती थेट ऑक्सिजन सेन्सरच्या तोंडावर. त्याला ऑक्सिजन दिसतो, तो म्हणतो लीन, कॉम्प्युटर बिचारा इंधन वाढवतो, प्रत्यक्षात गाडी जास्त पेट्रोल पिते आणि अॅव्हरेज पडतं. बाहेरची हवा कन्व्हर्टरच्या पलीकडे असलेल्या दुसऱ्या सेन्सरचाही हिशेब बिघडवते, म्हणून मधूनच तो पी०४२०. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात म्हणून त्याची किंमत तशी, आणि तो सहसा आपणहून मरत नाही, मिसिंगने, म्हणजे सिलिंडरात इंधन न पेटता तसंच सुटण्याने, किंवा ऑइल जळण्याने मारला जातो, त्यामुळे मूळ फॉल्ट तसाच ठेवून नवा टाकला तर तोही जातो.

तुटलेल्या स्टडवर नट वेल्ड करून तो फिरवून काढला, हेड उतरवायची वेळ आली नाही हे नशीब, नवा स्टड, नवं गॅस्केट, मजुरी धरून २ हजार ३००. सीटखालच्या झाकणाची रबराची पट्टीही फाटली होती, ती बदलली, ती पट्टी ही दिखाऊ वस्तू नाही, इंजिनाचा धूर आणि तुमचं नाक यांच्यात तेवढंच असतं. कोड सगळं झाल्यावर शेवटी पुसले. दहा दिवसांनी ट्रिम अधिक ३. ताईंचा मेसेज आला, लाइट नाही, टिक-टिक नाही, आणि सासूबाई परत पुढे बसायला लागल्यात त्यामुळे आता रस्त्याबद्दलच्या सूचना परत सुरू झाल्यात.

राहिला बल्ब. तो काढून टाकायचा सल्ला देणाऱ्याला घरी चहा द्या, गाडीला हात लावू देऊ नका. ही लाइट नुसती लागलेली असेल तर चारआठ दिवसांत दाखवा म्हणजे झालं, पण ती उघडझाप करायला लागली तर त्याचा अर्थ वेगळा, इंजिन जोरात मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय, तेव्हा रेस सोडा, हळू बाजूला घ्या. बल्ब काढलेला असेल तर हे कळणार कसं? आणि जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा चावी ऑन करून सेल न मारता मीटर बघा, इंजिन, ऑइल, बॅटरी आणि गाडीत असतील तर एअरबॅग, एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), सगळ्या लाइट काही सेकंद लागल्याच पाहिजेत. जी लागत नाही तिथे कुणीतरी काहीतरी लपवलंय असा संशय घ्या.

प्रश्न : नमस्कार. मी नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर झालोय, २००९ची डिझेल आठ सीटर आहे, नातवंडांसकट सगळे त्यातच मावतो म्हणून सोडवत नाही. दिवसा काही नाही. रात्री पाऊस असला, हेडलाइट, वायपर, एसी सगळं चालू असलं की बॅटरीची लाल लाइट मंद मंद लागते, मग एबीएस, मग ब्रेकची, एकामागोमाग दिवाळीची माळ. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या. एबीएसचं युनिट गेलंय असं एकाने सांगितलं, आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो.

उत्तर : काका, एकाच वेळी चार लाइट लागतात तेव्हा चार पार्ट गेलेले नसतात, वीज कमी पडलेली असते. एबीएसच्या युनिटचं नाव सध्या घेऊ नका. अडीचशे-तीनशेचा मल्टिमीटर आणा, तुम्ही आयुष्यभर मशीनवर काम केलंय, तुम्हाला हे जड नाही. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. सुरू केल्यावर १३.८ ते १४.४. आता हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावा आणि परत बघा, १३ च्या खाली घसरलं तर बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोकडे जा, ब्रश झिजलेत किंवा आतला डायोड गेलाय किंवा बेल्ट ओला होऊन सरकतोय, सरकत असेल तर सुरू करताना चीं असा आवाजही येतो.

पण बॅटरीवर १४ दाखवतंय आणि तरी माळ लागते असं झालं तर अर्थिंग बघा, आणि माझा अंदाज तुमच्या बाबतीत तिकडेच जास्त आहे. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसच्या खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, गाडी चालू, सगळे लोड चालू. आदर्श आकडा शून्य. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. मी अर्धा व्होल्ट, पाऊण व्होल्ट बघितलेत, वरून वायर धडधाकट दिसते आणि खालचं टर्मिनल बोल्टखाली हिरवं-पांढरं कुजलेलं असतं. मग तीच सुई बॉडीच्या लोखंडावर लावून परत. आकडा जास्त आला तर ते कुजलेलं टर्मिनल काढा, पॉलिश पेपरने चकचकीत घासा, घट्ट करा, वरून ग्रीस. इंजिन ते बॉडी जी विणलेली पट्टी असते ती तुटकी असेल तर नवी टाका, किरकोळ किंमत आहे.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच मागे बसवलेला असतो, म्हणजे बेल्ट तुटला तर चार्जिंग जातं आणि पेडलवर दोन-चार दाबांनंतर ब्रेकही दगडासारखा कडक होतो. त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल तर इंजिनही तापतं. म्हणून बॅटरीची लाइट कसारा घाटात लख्ख लाल लागली तर 'घरी जाऊन बघू' नाही, बाजूला घ्या आणि बेल्ट जागेवर आहे का बघा.

प्रश्न : नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना वळणावर ऑइलची लाल किटली एक सेकंद लागते आणि सरळ रस्त्याला विझते. घाटात असं होतंच ना? गाडी १३ वर्षं जुनी. (सिडको)

उत्तर : नाही, होत नाही. ऑइल कमी आहे, वळणावर ते एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. पुढच्या वेळी लागली की तिथेच थांबा, इंजिन बंद, सपाट जागेवर दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा, मिनिममच्या खाली असेल तर ऑइल टाकल्याशिवाय सेल मारू नका. गडावर पोचून टाकू, देवीचं दर्शन घेऊन टाकू, असं नको. पातळी बरोबर असूनही लाइट लागली तर प्रेशरचा स्विच खराब आहे की खरंच प्रेशर नाही, ते गॅरेजमध्ये प्रेशर मोजायचं घड्याळ (गेज) लावून बघतात, तोवर टो करून आणा. पिवळ्या लाइटशी वाद घालता येतो, या किटलीशी नाही. आणि ऑइल गेलं कुठे तेही बघा, खाली फरशीवर डाग नसेल तर जळतंय.

प्रश्न : सर, मी गंगापूर रोडला कॉलेजला आहे, बाबांची २०१५ची व्हॅन मीच बघतो. ऑनलाइन पाचशे-सातशेला ब्लूटूथवाला स्कॅनर मिळतो तो घेऊ का? गॅरेजवाला एका वेळेला पाचशे घेतो नुसता कोड काढायला.

उत्तर : घे. भारतात बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा तेव्हाचा नियम) गाड्यांना एप्रिल २०१३पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे फॉल्ट नोंदवायची यंत्रणा, बंधनकारक झालं, त्यामुळे तुमची गाडी बीएस-४ असेल तर स्टीअरिंगखाली गुडघ्याजवळ सोळा पिनांचं सॉकेट सापडेल. कोडचं पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-चाकं वगैरे, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे कॉम्प्युटरचं आपापसातलं बोलणं. त्यापुढचा आकडा ० असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, १ असेल तर त्या त्या कंपनीचा खासगी, तेव्हा तो नेटवर बघताना आपल्याच कंपनीचा अर्थ बघ नाहीतर भलतंच काहीतरी बदलून बसशील. स्वस्तातल्या स्कॅनरने बहुतेक वेळा फक्त इंजिनचं वाचता येतं, एबीएस आणि एअरबॅगचं नाही, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना तर घरी हातच लावायचा नाही.

आधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट, डिलीट नंतर. गाडी बंद केल्यावर स्कॅनर काढून ठेव, काही काही रात्रभर बॅटरी पीत बसतात. आणि बाबा चालवत असताना बाजूला बसून आकडे बघ, चालवताना नाही. गॅरेजवाल्याच्या पाचशेचं म्हणशील तर नुसता कोड वाचून चिठ्ठी देत असेल तर महाग, पण त्या पाचशेत तो ट्रिम बघतो, वायर ओढून बघतो, गार-गरम दोन्ही वेळा ऐकतो, तर स्वस्त.

प्रश्न : मखमलाबादला घराशेजारी द्राक्षबाग आहे. वर्षात तीनदा इंजिनची लाइट लागली, तिन्ही वेळा उंदराने वायर कुरतडलेली. गॅरेजवाला जोडून देतो पण दोन महिन्यांनी त्याच जागी परत फॉल्ट, उंदीर नसताना. असं कसं?

उत्तर : पीळ देऊन काळी टेप गुंडाळलीय ना? बल्बच्या वायरीला तसं चालून जातं. सेन्सरच्या वायरीतून येणारा सिग्नल बारीक असतो, ऑक्सिजन सेन्सरचा तर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्येच खेळतो, तिथे पिळाच्या जोडात ओल शिरून तांबं हिरवं पडलं की कॉम्प्युटरला चुकीचं ऐकू येतं. टेप सोडा, हिरवा भाग कापून टाका, सोल्डरिंग करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि जोड इंजिनाच्या गरम भागापासून लांब बांधा.

उंदरांसाठी तंबाखूची पुरचुंडी, डांबर गोळ्या, काळी मिरी, सगळं करून झालं असेल. गोळ्यांचा वास एसीतून आत येतो, मला तरी तो सहन होत नाही. त्यापेक्षा रात्री बॉनेट उघडं ठेवून वर एक बल्ब लावून ठेवा, उंदराला अंधार आणि ऊब हवी असते, दोन्ही मिळालं नाही तर तो दुसरीकडे जातो. गाडी दोन दोन आठवडे उभी ठेवू नका. आणि एकदा एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढून बघाच, तिकडे बघायचं कुणी डोक्यात घेत नाही, मागच्या हंगामात तुमच्याच भागातल्या एका गाडीत त्या डब्यात द्राक्षाचे सुकलेले देठ, सीटचा ओरबाडलेला फोम आणि अर्धी पोळी निघाली होती, आणि मालक सहा महिने पिकअप नाही म्हणून क्लच बदलत होता.